झोप बाटलीत मिळत नाही

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी घरातलं आणि हॉस्टेलवरचं. संपादक मंडळाने ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं, मतं मात्र माझी आहेत.

गेल्या सबमिशनला माझ्या रूममेटने सलग चार नाईट मारल्या. जर्नल्स पूर्ण झाली, सह्या मिळाल्या, पण झोप गेली ती गेलीच. पहाटे चारपर्यंत ती छताकडे बघत पडायची. बारीकसारीक गोष्टीवरून रडू यायचं, मेसमध्ये यायला नको म्हणायची. मग कुणीतरी सुचवलं आणि तिने ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल मागवल्या. "नॅचरल आहे गं, अमिनो ॲसिडच तर आहे!" दोन आठवड्यांत आमच्या विंगमध्ये अशा तीन बाटल्या झाल्या. म्हणून हा लेख.

दहावीनंतर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बायोलॉजीला रामराम ठोकला, तेव्हा थोडी उजळणी. प्रोटीन ज्या वीस अमिनो ॲसिडांचं बनतं त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती जेवणातूनच मिळावी लागतात. ट्रिप्टोफॅन त्यातलंच एक. 1901 साली केंब्रिजमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ते दुधातल्या प्रोटीनपासून वेगळं केलं. मेंदूत त्यापासून सेरोटोनिन बनतं, ज्याचा मूडशी संबंध आहे. रात्री मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत सेरोटोनिनपासून मेलॅटोनिन बनतं, जे शरीराला सांगतं की बाई, रात्र झाली, आता झोप.

मग कच्चा माल जास्त टाकला की प्रॉडक्ट जास्त, हो ना? इथेच आपलं इंजिनिअरी डोकं फसतं. मेंदूच्या दारात ट्रिप्टोफॅनला ल्यूसिन, टायरोसिन वगैरे इतर अमिनो ॲसिडांशी धक्काबुक्की करावी लागते, कारण सगळ्यांना आत नेणारा वाहक एकच. खाल्लेल्या ट्रिप्टोफॅनचा बराचसा भाग तर वेगळ्याच रासायनिक वाटेने जातो. आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन, साधारण 90 टक्के, आतड्यात असतं. ते मेंदूत शिरतच नाही.

आता हिशोब बघा. मोठ्या माणसाची रोजची गरज वजनाच्या दर किलोला सुमारे 4 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या मुलीला 240. एका ग्लास दुधातच साधारण 100 मिलिग्रॅम मिळतं. बाकीचं डाळ-भात, अंडी, शेंगदाणे भरून काढतात. मेसच्या जेवणाला आपण कितीही नावं ठेवली तरी दोन्ही वेळ नीट जेवणाऱ्याला ट्रिप्टोफॅनची टंचाई सहसा होत नाही. टंचाई आहे ती रात्रीची! मेलॅटोनिनला अंधार लागतो. रात्री दोनला ट्यूबलाईट चालू, डोळ्यांपुढे मोबाईल आणि पोटात तिसरी कॉफी, मग बिचारी पिनियल ग्रंथी काय करणार?

कॅप्सूल अगदीच निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. 1 ग्रॅम किंवा जास्त डोस दिल्यावर काहींना झोप लवकर लागल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण "नॅचरल" म्हणजे "सेफ" नव्हे. 1989 साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणारे दीड हजारांहून जास्त लोक आजारी पडले, भयानक स्नायूदुखी झाली, तीसहून जास्त जण गेले. धागा शोवा डेन्को या एकाच जपानी कंपनीच्या मालापर्यंत पोहोचला. कंपनीने नवा जिवाणू वापरला होता आणि शुद्धीकरणातला ॲक्टिव्हेटेड कार्बन कमी केला होता. त्या मालात अशुद्धी सापडल्या. केमिकलवाल्यांनो, ही केस स्टडी तुमच्यासाठी! शिवाय जो कुणी डिप्रेशनची औषधं घेत असेल, त्याने डॉक्टरांना न विचारता ही कॅप्सूल घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपली झोप आपण वेळापत्रकामुळे घालवतो आणि ती परत मिळवायला बाटली शोधतो. सन्माननीय शिक्षकांना नम्र विनंती, की सबमिशन सकाळी नऊला ठेवू नका, संध्याकाळी पाचला ठेवा. सकाळची डेडलाईन म्हणजे रात्रभर जागरणाचं आमंत्रणच असतं. सगळ्या विषयांच्या तारखाही एकाच आठवड्यात नकोत. रेक्टर मॅडम, अकरानंतर कॉरिडॉरमधले अर्धे दिवे बंद केले तर वीजबिलही कमी येईल. आणि आपण विद्यार्थ्यांनी "मी तीन नाईट मारल्या" हे मेडल असल्यासारखं मिरवणं बंद करावं. त्यात मीही आले.

माझ्या रूममेटला शेवटी आम्ही ओढत डॉक्टरांकडे नेलं. तिची अडचण एका अमिनो ॲसिडने सुटणारी नव्हती, तिला कुणाशी तरी बोलायची गरज होती. आता ती बरी आहे, साडेअकराला घोरते, आणि मला त्याचा अजिबात त्रास होत नाही.

तुमच्या शेजारच्या कॉटवर कुणी दोन-दोन आठवडे झोपत नसेल, गप्प गप्प असेल, तर कॅप्सूलचं नाव सुचवू नका. आधी विचारा, "काय झालंय?" आणि सोबत डॉक्टरांकडे जा.