ओट्यावरची प्रयोगशाळा : सरोवरकाठचा 'नीलम'



लीलँडच्या सहलीनंतर मंडळातल्या एका आजींनी आमच्या हातावर आकाशी निळा खडा ठेवला. नातीला मिशिगन सरोवराच्या काठी सापडलेला. "नीलम असेल तर अंगठीत बसवते. मुलाला साडेसाती आहे." काय उत्तर द्यावे, या विचारात आम्ही आधी चहा मागून घेतला.

मग भिंग काढले. खड्यात बारीक गोल बुडबुडे दिसले. नंतर आजींच्या परवानगीने खालच्या बाजूवर गारगोटी घासली. गारगोटीचे काठिण्य ७, नीलमाचे ९; तेव्हा नीलमावर तिचा ओरखडा उठत नाही. इथे उठला. म्हणजे ही काच!

ती आली कुठून? १८७० च्या दशकात लीलँडला लोखंडाची भट्टी होती. खनिज, लोणारी कोळसा आणि चुनखडी एकत्र तापवली, की चुनखडी खनिजातली वाळू-माती ओढून घेते आणि वितळलेल्या लोखंडावर मळी तरंगते. ही धातुमळी सरोवरात टाकली जाई. झटपट निवल्याने तिचे स्फटिक न होता काच झाली आणि वायूचे बुडबुडे आतच अडकले. शंभराहून अधिक वर्षे लाटांनी घासलेल्या या काचेला आता 'लीलँड ब्लू' म्हणतात. तिचे दागिनेही होतात.

नातीच्या पिशवीतला राखी खडा मात्र अस्सल निघाला. ओला करताच षट्कोनी नक्षी उमटली, व्हिनेगरच्या थेंबाने फसफसला. हा पेटोस्की : ३५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे प्रवाळ, १९६५ पासून मिशिगनचा राज्यदगड.

दोन सूचना. नक्षी बघायला मुले खडे चाटतात. त्यांना पाण्याची बाटली द्या. आणि जवळच्या 'स्लीपिंग बेअर ड्यून्स' या राष्ट्रीय सरोवरकाठावरून एकही दगड उचलायला परवानगी नाही. आमच्याही खिशात तिथले दोन आले होते. पुढच्या फेरीत मुलांदेखत परत ठेवले.

आजींना सगळे सांगितले. वाटले, हिरमुसतील. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लोखंडाच्या भट्टीतला ना? लोखंड म्हणजे शनीचाच धातू की रे!"

यावर मात्र आमच्या ओट्यावर कसोटी नाही.