किलोमीटर कशाचे?

"रेल्वेने दिवसाला 14 किलोमीटर रूळ टाकले." हा आकडा तुमच्याही मोबाईलवर येऊन गेला असेल. काही जण तो अभिमानाने पुढे पाठवतात, काही जण "सगळे खोटे" म्हणून हसतात. आकडा खोटा नाही. 2022-23 मध्ये 5,243 किमीचे काम पूर्ण होऊन वापरात आले. 365 ने भागले की 14 च्या वर येते. विचारायचे ते वेगळेच आहे: हे किलोमीटर कशाचे?

रेल्वे मंत्रालय या एका बेरजेत तीन कामे धरते. नवा मार्ग, गेज रूपांतर आणि दुहेरीकरण; तिसरी-चौथी मार्गिका या शेवटच्या खात्यातच येते. कोकणात रोहा ते वीर हा सुमारे 46 किमीचा पट्टा 2021 मध्ये दुहेरी झाला. तिथे गाडी 1990 च्या दशकापासूनच धावते आहे. अहिल्यानगर ते आष्टी हा 66 किमीचा मार्ग 2022 मध्ये सुरू झाला, तेव्हा आष्टीकरांनी आपल्या गावात पहिल्यांदा रेल्वे पाहिली. बेरजेत मात्र दोन्ही किलोमीटर एकाच मापाचे. 2022-23 च्या त्या आकड्यातही निम्म्याहून मोठा वाटा दुहेरीकरणाचा होता, आणि देशाची मार्गलांबी त्या वर्षात काहीशे किलोमीटरनेच वाढली.

दुहेरीकरण हे काही कमी प्रतीचे काम नाही. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला अर्धा-अर्धा तास ताटकळणाऱ्या प्रवाशाला त्याचे मोल विचारा. गडबड होते ती त्या रुळांचे भाषणात "नवे जाळे" होते तेव्हा. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी एका वर्षातल्या या कामाची तुलना स्वित्झर्लंडच्या संपूर्ण रेल्वे जाळ्याशी केली होती. स्वित्झर्लंडचे सुमारे 5,300 किमी ही मार्गांची लांबी आहे. दोन गावांमधला दुहेरी रूळ तिथे एकदाच मोजला जातो. आपल्याकडच्या आकड्यात आधीच्या रुळाशेजारी टाकलेला दुसरा रूळही आहे. म्हणजे एकीकडे रस्ता मोजला, दुसरीकडे त्याच्या लेन.

"4 वरून 14" या दाव्याचेही तसेच. 2009 ते 2014 मध्ये 7,599 किमी, म्हणजे दिवसाला 4.2. ही पाच वर्षांची सरासरी आहे, आणि 14 हा एकेका वर्षाचा आकडा. 2014 ते 2024 ची सरकारी सरासरी दिवसाला साडेआठ किमीच्या आसपास येते. दुप्पट वेग ही सांगण्यासारखी गोष्ट आहेच. मग साडेतीनपट का सांगायची? आणि विरोधात बोलणाऱ्यांनीही जरा थांबावे. तुलनेच्या दोन्ही बाजूंना व्याख्या तीच आहे, त्यामुळे "दुहेरीकरण धरले म्हणून वेग वाढला" हा आक्षेप टिकत नाही.

विद्युतीकरणाचे माप आणखी निराळे. ते मार्ग-किलोमीटरमध्ये मोजतात आणि टक्केवारी फक्त ब्रॉडगेजची काढतात. त्यामुळे नेरळ-माथेरानची छोटी गाडी शंभर टक्क्यांना धक्का लावत नाही!

मराठवाड्यातल्या दोस्तांना हे शब्दांचे खेळ वाटणार नाहीत. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किमीचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडला गाडी पोहोचली सप्टेंबर 2025 मध्ये. मधल्या तीस वर्षांत देशात हजारो किलोमीटर "पूर्ण" होत राहिले. बीडमधून पुण्याला शिकायला किंवा कामाला जाणारी मुले मात्र एसटी आणि ट्रॅव्हल्सचे तिकीट काढत राहिली. ज्या जिल्ह्यात रूळच नाही, तिथे दुहेरीकरणाचा आकडा कितीही वाढला तरी स्टेशन येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, ऑनलाइनही. त्यात "किती किमी रेल्वे बांधली?" असे विचारू नका, तीच बेरीज परत येईल. वर्ष लिहा, आपला जिल्हा लिहा, आणि नवा मार्ग, दुहेरीकरण, गेज रूपांतर यांचे आकडे वेगवेगळे मागा. त्यातल्या किती किलोमीटरवर प्रवासी गाडी सुरू झाली, हेही त्याच अर्जात विचारा.