सावकाश इंग्रजी

इंग्रजी सुधारायचं म्हटलं की आपल्याकडे लोक आधी क्लासची फी विचारतात, नाहीतर थेट हॉलिवूडचा सिनेमा लावून बसतात. सिनेमातलं अर्धं बोलणं म्हणजे पुटपुटणं. त्यात नवशिक्याचा जीव घाबरा होतो. त्याच्या कानाला आधी सावकाश इंग्रजी हवं, हे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओ सेवेला १९५९ मध्येच उमगलं होतं. तिथल्या ‘स्पेशल इंग्लिश’ बातम्या साधारण दीड हजार शब्दांत, छोट्या वाक्यांत आणि मुद्दाम संथपणे वाचल्या जात. शॉर्टवेव्हची खरखर सोसून देशोदेशीचे लोक त्या ऐकत. आज बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ फुकट मिळतं, तेही लिखित मजकुरासकट. पण नुसतं ऐकून भागत नाही. एक भाग आधी न वाचता ऐकावा, मग मजकूर समोर ठेवून, आणि तिसऱ्यांदा निवेदकाच्या मागोमाग मोठ्यानं बोलत. घरचे हसतील, हसू द्यावं. खरी कमाई याच फेरीत होते. मराठीत नसल्यामुळे आपल्या बोलण्यातून हमखास गळणारे ‘अ’, ‘द’ हे इंग्रजी आर्टिकल व्याकरणाचा नियम न आठवताही जिभेवर बसू लागतात. रोज नवा भाग मात्र घेऊ नये. आठवड्याला एक पुरे.