‘सामील’ की ‘अंकित’?

तामलवाडीत बसून ‘नाटो’चा विचार कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु हा तुळजापूर तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या निजामाने 1798 मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. 1800 मध्ये तिच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्रव्यवहाराचे स्वातंत्र्यही गमावले. साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेले पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक 12 मार्च 1999 रोजी नाटोत दाखल झाले. दोन्हींना ‘लष्करी करार’ म्हणणे अपुरे आहे. नाटोत निर्णय सर्वसहमतीने होतात. कलम 13 अन्वये वर्षभराची सूचना देऊन बाहेरही पडता येते. म्हणून माझ्या मते, कोणत्याही करारात प्रवेशाच्या अटींआधी निर्गमनाचे कलम वाचावे. ‘सामील’ आणि ‘अंकित’ यांतील अर्थभेद तेथेच स्पष्ट होतो.