दुपारचा एक तास

मैत्रिणींनो, 2020 साली टाळेबंदी आली नि चोपड्यात काय, पुण्यात काय, सगळ्यांचीच दारं बंद झाली. शेजारणीकडे विरजण मागायला जायचीसुद्धा चोरी! तेव्हा कितीतरी जणींनी फोनवरच मिळून पुस्तकं वाचायला घेतली.

तुम्ही म्हणाल, हे काय नवं खूळ! छे हो, आपल्या खानदेशात हे जुनंच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैदी दर रविवारी जमत. विनोबा गीतेचा एकेक अध्याय उलगडून सांगत आणि आपल्या शेजारच्या अमळनेरात पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी ते लिहून घेत. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, अठरा अध्याय! त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. घरापासून तुटलेल्या माणसांना वाट पाहायला एक वार मिळाला.

आज टाळेबंदी नाही. पण कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचं माणूस गेलेलं असतं. “कशी आहेस?” विचारलं तर ती “बरी आहे” म्हणून मोकळी होते. त्यापेक्षा म्हणा, “उद्या तीन वाजता पुढचं प्रकरण तू वाचायचंस हं!”

पाच-सहा जणी पुरे. वाचनालयातून एकीने पुस्तक आणावं, वार नि वेळ ठरवावी, फोनवर आळीपाळीने मोठ्याने वाचावं. आवाज मोठा ठेवा, सासूबाईही ऐकतील! आणि एखादी दोनदा आली नाही, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तिचं दार वाजवा.