पेला कुणी भरला? किल्ली कुणी दिली?

१९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला उडविले आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन संगणक अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, प्राणास मुकले. दोघेही अवघ्या चोवीस वर्षांचे. मोटार चालविणाऱ्याचे वय होते सतरा वर्षे आठ महिने. त्याच्याजवळ वाहन चालविण्याचा परवाना नव्हता. कोटीहून अधिक किमतीच्या त्या मोटारीची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरावयाचे राहून गेले होते! त्या रात्री या मुलाच्या टोळक्याने ज्या पहिल्या पबमध्ये बैठक मारली, तेथील देयकच सुमारे ४८ हजार रुपयांचे होते, ही माहिती खुद्द पोलीस आयुक्तांनी दिली. पुढे काही तासांतच बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने या मुलाला जामीन दिला. जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती.

या निबंधाने देश संतापला आणि तो संताप यथायोग्यच होता. पेशव्यांच्या घरातील खुनाबद्दल थेट राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांचे हे पुणे. त्याच पुण्यात दोन जिवांचे मोल तीनशे शब्द ठरावे, ही गोष्ट कोणाच्याही जिव्हारी लागेल. परंतु संतापाचा एक दोष असतो. तो समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतो आणि आडोशाला उभा असलेला खरा अपराधी सहीसलामत निसटतो. कल्याणीनगर प्रकरणात नेमके हेच घडले. ‘त्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवा’ ही एकच मागणी महिनोन् महिने गाजत राहिली. त्या मुलाच्या भोवती जे खरोखरीच प्रौढ होते, त्यांच्या अपराधाची चर्चा मात्र त्या गदारोळात मागे पडली.

प्रौढ कोणाला म्हणावे?

कायद्याची वस्तुस्थिती आधी समजून घेतली पाहिजे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावयाचा, तर गुन्हा ‘अतिगंभीर’ स्वरूपाचा असावा लागतो. म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा नेमून दिलेली असावी लागते. सदोष मनुष्यवधाच्या तत्कालीन कलमात कमाल शिक्षा मोठी होती, पण किमान सात वर्षांची तरतूद नव्हती. असे गुन्हे ‘अतिगंभीर’ या वर्गात बसत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. योगायोग असा की, तो निर्णयही २०१६ साली दिल्लीत एका अल्पवयीनाने मोटारीखाली चिरडलेल्या तरुणाच्याच प्रकरणातला होता. २०२१ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, तीही याच अर्थाला धरून. पुण्यातील मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचा नंतरचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी बेकायदा ठरविला आणि त्याला प्रौढ समजण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. लोकक्षोभ कितीही तीव्र असला, तरी न्यायालयाला कायद्याच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, जाऊही नये.

मग पुढचा मार्ग खुंटला काय? मुळीच नाही. सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरविण्याचा खटाटोप बाजूला ठेवा आणि जे चाळिशी-पन्नाशीचे आहेत, त्यांना प्रौढ म्हणून वागवा. सतरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या कमाईतून पोर्शे घेत नाही. गल्ल्यावर कोणीतरी त्याच्यासाठी बाटली उघडतो, कोणीतरी त्याच्या हाती किल्ली ठेवतो, आणि अनर्थ घडल्यावर कोणीतरी पुरावा पुसण्यासाठी धावाधाव करतो. हे तिन्ही हात सज्ञान आहेत आणि या तिन्ही हातांसाठी आपल्या कायद्यात बेड्या तयार आहेत. त्या बेड्या अडकविण्याची इच्छाशक्ती मात्र कोठे दिसत नाही.

पहिला हात : पेला भरणारा

बाल न्याय अधिनियमाचे ७७ वे कलम काय सांगते? वैद्यकीय सल्ल्याखेरीज जो कोणी अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देईल किंवा देववील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ‘जो कोणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यात पबचा मालक येतो, व्यवस्थापक येतो, वाढदिवसासाठी शेतघर उघडून देणारा हौशी यजमान येतो आणि ‘बाहेर प्यायचे त्यापेक्षा घरात प्या’ असे म्हणून मुलाच्या मित्रमंडळींसाठी पेले मांडणारे आधुनिक आईबापही येतात. २०१२ साली पुण्याजवळ वाघोली परिसरात पोलिसांनी छापा घातलेली ‘चिल्लर पार्टी’ अनेकांना आठवत असेल. शेकडो विद्यार्थी तेथे सापडले, त्यांत अल्पवयीनही होते. अशा प्रत्येक छाप्यानंतर वर्तमानपत्रांत तोंड लपविणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे छापून येतात. पेले भरणाऱ्यांचे पुढे काय झाले, त्याची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते.

महाराष्ट्राचा दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा आहे. आपल्या राज्यात बिअर व वाइनसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे ही वयोमर्यादा आहे. मद्य पिण्यासाठी परवानाही लागतो. कागदावर हा देशातील अत्यंत कठोर कायद्यांपैकी एक. व्यवहारात वयाचा पुरावा मागणे हा ग्राहकाचा अपमान समजला जातो! कल्याणीनगरनंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ७ जुलै २०२४ रोजी मुंबईत वरळी येथे बीएमडब्ल्यू मोटारीने ससून डॉकवरून मासळी घेऊन परतणाऱ्या दांपत्याच्या दुचाकीला धडक दिली आणि त्या गृहिणीला दूरवर फरफटत नेले. आरोपी सत्ताधारी आघाडीतील एका स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा. तो सज्ञान होता. पण त्याने पंचविशी ओलांडलेली नव्हती, आणि तरीही त्याला जुहूच्या बारमध्ये मद्य मिळाले होते, असे उत्पादन शुल्क विभागाला आढळले. त्या बारवर लगोलग कारवाई झाली आणि त्याच्या अनधिकृत बांधकामावर हातोडाही पडला. चांगली गोष्ट. पण अनधिकृत बांधकाम दिसायला एका स्त्रीचा बळी का जावा लागला? राज्यघटनेचे ४७ वे कलम मद्यबंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते. ते कर्तव्य दूर राहिले. निदान पोरांच्या हाती पेला जाणार नाही एवढे तरी पाहाल की नाही? महसुलाच्या लोभाने कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखण कोणी करावयाची?

दुसरा हात : किल्ली देणारा

मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली ‘१९९-अ’ हे कलम घालण्यात आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू झाले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होईल. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळणार नाही. या कलमाचे वैशिष्ट्य असे की, पालकाची संमती होती असे न्यायालय गृहीत धरते. ‘मला ठाऊकच नव्हते’ किंवा ‘मी पुरती काळजी घेतली होती’ हे सिद्ध करण्याचा भार पालकावर आहे. म्हणजे निरपराध पालकाला बचावाची वाट आहे. बेफिकीर पालकाला नाही.

इतके धारदार शस्त्र हाताशी असताना ते म्यानात का राहते? शाळा-शिकवणीच्या वेळी कोणत्याही शहरातील चौकात उभे राहा. मिसरूड न फुटलेली पोरे तिघे-तिघे बसून दुचाकी पळविताना दिसतील. पोलीस दिसलाच तर थोडी चिरीमिरी, नाहीतर ‘साहेबांचा’ दूरध्वनी. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. दुचाकीवर सोकावलेला हा काळच पुढे कोटीच्या मोटारीत बसतो.

आणि दंडाचे प्रमाण तरी पाहा! ज्या मुलांच्या एका बैठकीचे देयक ४८ हजार, त्यांच्या पालकाला दंड २५ हजार. असा दंड हे त्या घरात शासन नसते, तो एक किरकोळ खर्च असतो. दंड वाहनाच्या किमतीच्या प्रमाणात असला पाहिजे. ज्या मोटारीने जीव घेतला, ती जप्त होऊन तिच्या विक्रीची रक्कम मृतांच्या कुटुंबाला मिळाली पाहिजे.

तिसरा हात : पुरावा पुसणारा

कल्याणीनगर प्रकरणातील सर्वांत भयंकर भाग अपघातानंतरचा आहे. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना कचऱ्यात टाकून दुसऱ्याच व्यक्तीचे रक्त चाचणीला पाठविल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी मे २०२४ मध्ये दोन डॉक्टर आणि एका कर्मचाऱ्याला अटक केली. पुढे मुलाच्या आईलाही अटक झाली, कारण बदललेले रक्त तिचे असल्याचा पोलिसांचा आरोप आहे. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी जनुकीय चाचणीत मेळ बसला नाही, म्हणून हे बिंग फुटले. घरच्या वाहनचालकाने गुन्हा आपल्या शिरावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून वडील आणि आजोबांवर गुन्हा दाखल झाला. येरवडा पोलीस ठाण्यातील दोन अधिकारी निलंबित झाले आणि बाल न्याय मंडळाच्या दोन सदस्यांना राज्य शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पदमुक्त केले. या आरोपांचा निवाडा न्यायालयच करील. पण एवढे कळावयास निकालाची वाट पाहावी लागत नाही की, अशा प्रकरणात घड्याळ हाच आरोपीचा सर्वांत मोठा वकील असतो. रक्तातील मद्यांश ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरतो आणि कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम. अडीचला घडलेल्या अपघातानंतर नमुना घेतला गेला सकाळी अकराच्या सुमारास. आठ तासांच्या या विलंबानंतर मद्यांशाचा पुरावा उरणार तरी किती? म्हणूनच जागेवरच श्वासचाचणी, दोन तासांत रक्तनमुना, तो घेतानाचे चित्रीकरण आणि दुसरा नमुना निराळ्या प्रयोगशाळेत, हे सक्तीचे झाले पाहिजे.

अनुकरणच करावयाचे, तर पुरते करा

असे काही लिहिले की, लगेच ‘संस्कृतिरक्षक’ म्हणून आमची संभावना होईल, हे आम्ही जाणतो. पब हे आधुनिकतेचे लक्षण आणि त्याला विरोध म्हणजे मागासलेपण, असे सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्याला आमचे एवढेच म्हणणे आहे की, ज्यांचा आदर्श तुम्ही सांगता, त्यांच्याकडून पुरते तरी शिका. अमेरिकेने १९८४ मध्ये कायदा करून मद्यासाठी एकवीस वर्षांची अट न पाळणाऱ्या राज्यांचे महामार्ग अनुदान कापण्याची तरतूद केली. १९९८ पर्यंत तेथील सर्व राज्यांत एकवीस वर्षांखालील चालकासाठी मद्यांशाची मर्यादा जवळजवळ शून्यावर आणली गेली. अनेक राज्यांत घरी पार्टी देऊन कोवळ्या मुलांना पिऊ देणारा यजमान कायद्याने जबाबदार धरला जातो. तिकडचे पेले आपण आयात केले आणि तिकडची जबाबदारी मात्र बंदरावरच सोडून आलो!

आपल्या कायद्यातील विसंगती पाहा. एकविशीच्या आतील तरुणाला महाराष्ट्रात बिअरचा घोटही निषिद्ध. पण त्याच तरुणाच्या रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत मद्य सापडले, तर त्याला मद्यधुंद चालक म्हणता येत नाही. जे पिणेच बेकायदा आहे, ते पिऊन गाडी चालविण्याची मुभा कशी असू शकते? पंचवीस वर्षांखालील चालकासाठी ही मर्यादा शून्य झाली पाहिजे.

मुलाला सुधारण्याची संधी मिळावी, या तत्त्वाला आमचा विरोध नाही. आपली कुटुंबव्यवस्था तर चुकलेल्या लेकराला पोटाशी धरूनच टिकली आहे. पण पोटाशी धरणे निराळे आणि पाठीशी घालणे निराळे. जो बाप मुलाला हात धरून पोलीस ठाण्यात नेतो, तो त्याला घडवितो. जो रक्ताची बाटली बदलू पाहतो, तो त्याला शिकवितो की, पैसा मोजला की मृत्यूचाही पाढा उलटा वाचता येतो. हा धडा गिरविलेला मुलगा कोणत्याही निबंधाने सुधारणार नाही.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. यांतील प्रत्येक मृत्यू अटळ होता, असे कोणी म्हणू धजेल काय? यापुढे अल्पवयीन चालकाच्या हातून जीव गेला, तर पोलिसांच्या पहिल्या नोंदीतच दोन प्रश्न असले पाहिजेत : पेला कुणी भरला आणि किल्ली कुणी दिली? ज्या अधिकाऱ्याने हे विचारले नाही, त्याला आपण नागरिकांनी विचारले पाहिजे. आणि हे प्रश्न ठाण्यात पोचण्यापूर्वी प्रत्येक आईबापाने आज रात्रीच, घरातील किल्ल्या जेथे टांगलेल्या असतात त्या खुंटीसमोर उभे राहून, स्वतःला विचारावेत.