गाडीचा श्वास आणि फुगलेला आकडा

अतिदक्षता विभागातल्या अनेक व्हेंटिलेटरच्या नळीत केसाहून बारीक अशी एक तार असते. ती विजेने तापवलेली असते. तिच्यावरून हवा गेली की ती थंड होऊ लागते आणि तापमान टिकवायला जास्त वीज घेते. ती वीज मोजली की रुग्णाच्या छातीत किती हवा गेली ते कळतं. तुमच्या टर्बो गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला ‘मास एअरफ्लो सेन्सर’ याच तत्त्वावर चालतो. हल्ली त्यात तारेऐवजी पातळ पापुद्रा असतो, एवढंच. (जुन्या तारेच्या सेन्सरला एक छान सोय होती. इंजिन बंद झालं की ती तार सेकंदभर हजार अंशांपर्यंत तापून स्वतःवरची घाण जाळून टाकायची. आमच्या वॉर्डातल्या सगळ्याच यंत्रांना अशी बुद्धी असती तर बरं झालं असतं.)

डॉक्टरने गाडीच्या सेन्सरवर लिहायचं कारण म्हणजे ‘रिमॅप’ची हौस. डिझेल गाडीच्या कॉम्प्युटरमधली आकडेमोड बदलून ताकद वाढवून देणारी गॅरेजं आता तालुक्याच्या गावीही आहेत. दोन-तीनशे रुपयांचं स्कॅनर डॅशबोर्डखाली खोचलं की मोबाइलवर हवेचा प्रवाह ग्रॅम प्रति सेकंदात दिसतो. आमचे निवासी डॉक्टरही तो पडदा कौतुकाने पुढे करतात, ‘सर, आधी एवढा होता, आता एवढा झाला!’ वाढलेला आकडा म्हणजे सुधारलेली तब्येत, असं गृहीत धरलेलं असतं. माझा आक्षेप त्या गृहीतकाला आहे.

आकडा वाचण्याआधी तो किती असायला हवा हे ठरवावं लागतं. स्पायरोमेट्री करताना आम्ही वय, उंची आणि लिंग विचारतो ते त्यासाठीच. इंजिनाचं गणित तर त्याहून सोपं. दीड लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. मिनिटाला ४,००० फेरे म्हणजे ३,००० लिटर हवा. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, म्हणजे ही गाडी चारशेहून जास्त माणसांचा श्वास एकटी घेते. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची धरली तर सेकंदाला ६० ग्रॅम झाले. टर्बोने दाब वातावरणाच्या दुप्पट केला तरी आकडा पुरता दुप्पट होत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि विरळ होते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण सगळी नाही. शंभराच्या आसपास आला तर समजावं ठीक आहे.

आकडा कमी आला की सेन्सर खराब, नवीन टाका, हा बहुतेक गॅरेजांतला निदानाचा शेवट. फिल्टर तुंबलेला असू शकतो. तेल लावून वापरायच्या फिल्टरचं जास्तीचं तेल पापुद्र्यावर बसलेलं असू शकतं. आणि गळती असू शकते. इथे सेन्सरची जागा महत्त्वाची. तो टर्बोच्या आधी बसतो. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपला चीर असेल तर हवा न मोजता आत शिरते आणि आकडा कमी येतो. टर्बोच्या पुढच्या होजला चीर असेल तर उलटं होतं. हवा मोजली जाते, पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही. कॉम्प्युटर मात्र ती पोहोचली असं समजून डिझेल सोडतो. आकडा ठणठणीत, गाडीत दम नाही, मागे काळा धूर. व्हेंटिलेटरने ४५० मिली हवा दिली आणि परत ३०० मिलीच आली, तर आम्ही सेन्सर बदलायला धावत नाही. आधी श्वासनलिकेतल्या नळीभोवतीचा फुगा नीट फुगलाय का ते पाहतो.

हवामानाचा घोळ वेगळाच. मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांतली हवा हिवाळी पहाटेच्या १५ अंशांतल्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ असते. महाबळेश्वरला हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. तिथे टर्बो जास्त वेगाने फिरून उणीव बरीचशी भरून काढतो, त्यामुळे आकडा फारसा पडत नाही आणि टर्बोवरचा ताण आकड्यात दिसत नाही. जानेवारीतलं रीडिंग मे महिन्यातल्याशी ताडून ‘ट्यूनिंग उतरलं’ म्हणून भांडायला जाण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. डिझेल गाडीत या सेन्सरची मुख्य कामं दोन. एक, हवा कमी असेल तर डिझेल आवरणं, म्हणजे धूर होऊ नये. दुसरं, ‘ईजीआर’ झडप सांभाळणं. ही झडप जळून गेलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. बाहेर टाकलेला वायू आत आला की तेवढी ताजी हवा कमी शिरते, म्हणून गाडी जागेवर उभी असताना सेन्सरचा आकडा कमी दिसतो. तो मुद्दामच कमी ठेवलेला असतो.

ट्यूनिंगवाला ही झडप बंद करतो. उभ्या गाडीचा आकडा लगेच वाढतो. गंमत म्हणजे काजळीही कमी होते, त्यामुळे मालक दुहेरी खूश. मोकळा ॲक्सिलरेटर मारून धुराची घनता तपासणारी पीयूसी चाचणी गाडी आधीपेक्षा झोकात पास होते. वाढले ते नायट्रोजनचे ऑक्साइड. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचे ते मोजलेही जात नाहीत. ईजीआरमुळे इनटेकमध्ये काजळी साचते ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय साफसफाईचा आहे.

या वायूंपैकी नायट्रिक ऑक्साइड हवेत गेल्यावर नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि श्वासनलिकांना सूज आणतो. दम्याच्या मुलांना त्याची झळ आधी लागते. हाच नायट्रिक ऑक्साइड फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या नवजात बाळांना औषध म्हणूनही देतात, दहा लाखांत वीस भाग एवढ्या मात्रेत. पण तेव्हा शेजारी एक यंत्र डायऑक्साइड किती होतोय ते अखंड मोजत असतं. रस्त्याकडेच्या पाळणाघराला तसं यंत्र नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आपली राष्ट्रीय मर्यादा ४०.

१ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टरही असतो. ‘गाडी मोकळी करतो’ म्हणून तोही आतून पोकळ करून देणारे आहेत. डिझेलचा धूर कर्करोग घडवतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्येच पहिल्या गटात नोंदवलं. दहा-पंधरा अश्वशक्तीच्या हौसेसाठी मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर तो सोडायचा, याला मी छंद म्हणणार नाही.

रिमॅप करायचंच असेल तर पैसे देण्याआधी दोन नोंदी मागा, आधीची आणि नंतरची. एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, एकाच दिवशी घेतलेल्या. हवेच्या प्रवाहाशेजारी टर्बोचा दाब आणि ईजीआर झडपेची स्थिती हवी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रवाह आणि दाब दोन्ही वाढले असतील तर गाडी खरंच जास्त हवा घेतेय. प्रवाह फक्त उभ्या गाडीतच वाढला असेल आणि झडपेचा आकडा इंजिन गरम झाल्यावरही शून्यावरच असेल, तर ताकद वाढलेली नाही, झडप बंद केलेली आहे. ती उघडून द्यायला सांगा.